नऊ एकांचा वर्ग: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येच्या पोटात काय आहे?

दौलतगंजची_ताई
शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात दौलतगंजला राहते. संध्याकाळी घरी सहावी ते आठवीच्या मुलांची शिकवणी घेते, बहुतेक गणितच. मुलं शाळेत हिंदीतून नाहीतर इंग्रजीतून शिकतात, पण आमच्या वाड्यात चार घरं मराठी आहेत, त्यामुळे हातचा, पाढे, बाकी हे शब्द माझ्या ओसरीवर अजून रोज कानावर पडतात.

परवा सातवीतल्या एका मुलीला मी १११ चा वर्ग करायला दिला. १२३२१ आला. ती क्षणभर वहीकडे बघत राहिली आणि मी न सांगता तिने ११११ घेतला. १२३४३२१. मग ती काही थांबेना. नऊ एकांपर्यंत पोचल्यावर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरने हात टेकले, उत्तराच्या शेवटी एक अक्षर आणि १६ लिहून मोकळा झाला. म्हणून आम्ही दोघींनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून फरशीवर पसरलं आणि नऊ ओळींचा गुणाकार उभा मांडला. प्रत्येक ओळीत नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. जिन्यासारखा आकार दिसतो तो. स्तंभांची बेरीज केली:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक आणि एकही हातचा नाही! तिने विचारलं, "ताई, हिला कशाकशाने भाग जातो?" अंकांची बेरीज ८१, तेव्हा ३ आणि ९ ने जातो हे तिलाच दिसलं. ३७ मला सापडला. पुढे ३३३६६७ उरतो, आणि तिथे मी अडले आहे. दोन संध्याकाळी घालवल्या, तो फुटत नाही. तो मूळ आहे का, आणि आहे तर हाताने कसं दाखवायचं? दुसरं, या संख्येत अजून काय काय आहे? सोमवारी तिला नीट सांगायचं आहे, अर्धवट नको.


मुरारकर
शनिवार, रात्री १०:५२

ताई, १ पासून चढत जाऊन परत १ वर उतरणारी ही संख्या मूळ आहे असं कुठेतरी वाचल्याचं पक्कं आठवतंय. मग अवयव कसे पडतील?


अंकमित्र_इंदूर
शनिवार, रात्री ११:२०

मुरारकर, ही मूळ असूच शकत नाही, कारण ती एका पूर्ण संख्येचा वर्ग आहे. पण तुमची आठवणही खोटी नाही. तुम्ही वाचलेली संख्या हिची बहीण असणार: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. नऊनंतर दहा लिहायचा आणि मग उतरायचं. वीस अंकी, आणि ती खरोखर मूळ आहे.

नऊपर्यंत जाऊन उतरलं तर ४५ विभाजक, दहापर्यंत जाऊन उतरलं तर १ आणि ती स्वतः, बस्स. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा रात्रभर दुसरं काही सुचलं नव्हतं.


सयाजीगंज
रविवार, सकाळी ७:४०

वडोदऱ्याहून. अंकमित्र, तुमच्या बहिणीत एक बारीक गोष्ट आहे. ती उलटी वाचून बघा: १२३४५६७८९०१९८७६५४३२१. मधले १० उलटले की ०१ होतात, म्हणजे ती उलटसुलट सारखी नाही. आणि तेच तिला वाचवतं! सम अंकांची कोणतीही उलटसुलट सारखी संख्या ११ ने भागली जातेच (१२२१ घ्या, ४५५४ घ्या). कारण ११ च्या कसोटीत एकाआड एक अंक अधिक-उणे करतो, आणि सम अंकांत जोडीतला एक अंक अधिकवर पडला की दुसरा उणेवर पडतो. वीस अंकी संख्या खरोखर उलटसुलट सारखी असती तर ११ ने गेली असती. इथे त्या कसोटीत १ उरतो.

ताईंच्या संख्येत अंक सतरा, विषम. म्हणून ती सारखी असूनही ११ ने जात नाही, तिथेही १ च उरतो.


हातचा_एक
रविवार, सकाळी ९:०५

ताई, मुलीला सांगण्याजोगं उत्तर देतो. मी निवृत्त शिक्षक, शिंद्यांच्या छावणीत राहतो. कॅलेंडरवर मावेल असं लिहितो.

आधी अवयव. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडा: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. आता १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. गुणाकार करून पाहा, सहा अंकी संख्येला तीनने गुणायचंय फक्त. म्हणून

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आणि तुमची संख्या याचा वर्ग, म्हणजे ३ चारदा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. विभाजक किती? घातांकांत एकेक मिळवून गुणा: ५ × ३ × ३ = ४५.

आता ३३३६६७. सरळ वाट म्हणजे त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघणं. वर्गमूळ ५७७ आणि थोडं वर. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत १०६. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या असणार तुमच्या.

आडवाट अशी. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. (३३३६६७ × ३००० मधून ३३३६६७ × ३ वजा करा, लगेच दिसेल.) म्हणजे ३३३६६७ चा जो कोणी मूळ अवयव असेल, त्याने नऊ नवांच्या संख्येला भाग जातो. दुसऱ्या शब्दांत, १ ला त्याने भागलं तर दशांशात नऊ-नऊ अंकांचं आवर्तन येतं. नऊपेक्षा लहान आवर्तन यायला तो ३ किंवा ३७ असायला हवा, आणि ते दोन्ही इथे चालत नाहीत: ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, आणि ३७ ने भागल्यावर १ उरतो. आवर्तन नेमकं नऊचं असलं की त्या मूळ संख्येतून १ वजा करून ९ ने भाग जायलाच हवा. ती संख्या विषम, तेव्हा १८ नेही जायला हवा.

म्हणजे १८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकशे सहाच्या जागी सतरा. मुलीलाच करू द्या. सतरा भागाकार म्हणजे एका सुट्टीच्या दुपारचं काम आहे, आणि ते तिने स्वतः केलं तर ३३३६६७ तिचा होईल.


दौलतगंजची_ताई
रविवार, सकाळी ९:३१

काका, तुम्हाला नमस्कार. १०६ वरून १७ वर! मी यादी कॅलेंडरवर उतरवून घेते आहे. बाकी तिच्यावर सोडते.


राजवाड्याजवळ
रविवार, सकाळी ११:१०

विभाजक ४५, आणि १ ते ९ ची बेरीजही ४५! हा योगायोग नसणार. वर चढताना १ ते ९ येतात म्हणूनच असं होत असणार ना?


हातचा_एक
रविवार, दुपारी १२:२५

योगायोगच आहे, दादा. शेजारच्या पायऱ्या तपासा. आठ एकांची संख्या ११ × ७३ × १०१ × १३७. तिच्या वर्गाचे विभाजक ३ × ३ × ३ × ३ = ८१, आणि १ ते ८ ची बेरीज ३६. तीन एकांच्या वर्गाला, १२३२१ ला, नऊ विभाजक, बेरीज ६. जमत नाही. एक आणि दोन एकांच्या अगदी पहिल्या पायऱ्या सोडल्या तर पुढे नऊलाच जुळलं. असं काही दिसलं की आधी एक पायरी खाली उतरून बघावं, ही सवय मुलांना लवकर लागलेली बरी.

अंकांची बेरीज ८१ येते तो मात्र योगायोग नाही. हातचा न येता गुणाकार झाला तर उत्तराच्या अंकांची बेरीज म्हणजे दोन्ही संख्यांच्या अंक-बेरजांचा गुणाकार. ९ × ९. आणि प्रत्येक हातच्यागणिक ती बेरीज ९ ने घटते, कारण एका घरातून १० जातात आणि डावीकडे १ येतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.


देवळालीकर
रविवार, दुपारी २:४०

मी नाशिकचा, आता नोकरीनिमित्त वडोदऱ्यात. या धाग्यावर गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटलं. डहाणूला १९०५ साली जन्म, फर्ग्युसनचे विद्यार्थी, आणि पुढे देवळालीला शाळेत शिक्षक. ६१७४ या कापरेकर स्थिरांकामुळे जग त्यांना ओळखतं, पण ताईंच्या संख्येच्या घराण्याला नावही त्यांनीच दिलं आहे: डेम्लो संख्या. १, १२१, १२३२१, १२३४३२१ असं करत ही नवव्या जागेवर. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली. तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या त्या स्टेशनात त्यांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून स्टेशनचं नाव संख्यांना. शाळामास्तर, गाडीची वाट बघतोय, आणि डोक्यात एकांच्या रांगा. मला हे चित्र फार जवळचं वाटतं.

अजून एक धागा जुळतो. या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, ८१ ने, गुणा. उत्तर नऊ नवांचा वर्ग: ९९९९९९९९८०००००००१. अठरा अंक. बरोबर मधून तोडा: ९९९९९९९९८ आणि ०००००००१ ला डावीकडे एक शून्य जोडून नऊ अंक. बेरीज ९९९९९९९९९, म्हणजे जिचा वर्ग केला तीच संख्या परत. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ४५ पण तीच: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७.


अंकमित्र_इंदूर
रविवार, दुपारी ३:०२

देवळालीकर, तोडताना शून्य मोजायला गडबड झाली आहे. वर्ग ९९९९९९९९८००००००००१ असा हवा, आठ नव, एक आठ, आठ शून्य, एक. तुमच्या लिहिण्यात सतराच अंक आले. नीट लिहिला की दोन्ही बाजूंना नऊ-नऊ अंक पडतात, वरून शून्य जोडावं लागत नाही. निष्कर्ष बरोबरच.


देवळालीकर
रविवार, दुपारी ३:१०

खरंय, एक शून्य गळलं. आभारी आहे.


वाचक_कंपू
रविवार, दुपारी ४:००

ही संख्या मराठीत वाचायची कशी? आमचं एकं दहं शतं कोटीच्या पुढे अडखळतं.


सयाजीगंज
रविवार, दुपारी ४:३५

आजच्या पद्धतीने १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. दोनदा कोटी म्हणावं लागतं, जीभ दमते. इतके सेकंद मोजले तर ३९ कोटी वर्षांहून जास्त होतील.

पण भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) अठरा स्थानांची नावं दिली आहेत, एकापासून परार्धापर्यंत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. आपल्या सतरा अंकांना ती पुरतात, परार्धाला हातही लावावा लागत नाही. डावीकडून वाचा:

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

मोठ्याने म्हणून बघा. चढ आणि उतार दोन्ही ऐकू येतात. नऊ अर्बुदावर, म्हणजे दहा कोटींच्या घरात, शिखर.


किल्ल्याच्या_पायथ्याशी
रविवार, संध्याकाळी ६:२०

ग्वाल्हेरच्या ताईंनी काढलेल्या धाग्यावर किल्ला यायलाच हवा. किल्ल्यावर चढताना वाटेत एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथला संवत ९३३ चा, म्हणजे इसवी ८७६ चा शिलालेख सगळ्यांना शून्यासाठी माहीत आहे. देवळासाठी दिलेली फुलबाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा. २७० आणि ५० मधलं शून्य आज आपण लिहितो तसंच, लहान गोल.

याच शतकात दक्षिणेत, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती गणितसारसंग्रह लिहीत होते. त्यात ते अशी उत्तरं देणारे गुणाकार मुद्दाम रचतात, ज्यांचे अंक दोन्हीकडून सारखे वाचता येतात, आणि त्यांना राजाच्या गळ्यातल्या हाराची उपमा देतात. त्यांतला एक हार १२३४५६५४३२१: एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारा. सहा एकांचा वर्ग! दुसरा १२३४५६७९ × ९ = १११११११११. म्हणजे ताईंची नऊ एकांची ओळही त्या हारांत आहे.

इकडे आमच्या खडकावर रोजच्या पन्नास माळांचा हिशेब कोरला जात होता आणि तिकडे अंकांच्या माळा ओवल्या जात होत्या, साधारण एकाच पिढीत. मी या रस्त्याने कित्येकदा वर गेलो आहे. पुढच्या वेळी त्या ५० कडे वेगळ्या नजरेने बघेन.


मुरारकर
रविवार, रात्री ८:१५

मी दुपारी स्प्रेडशीटमध्ये ही संख्या टाकली तर शेवटचे दोन अंक शून्य झाले, १२३४५६७८९८७६५४३००. वर तुम्ही म्हणता ३ आणि ९ ने भाग जातो. या संख्येच्या अंकांची बेरीज ७८ आली, ९ ने जातच नाही. मी तासभर स्वतःची चूक शोधत होतो.


अंकमित्र_इंदूर
रविवार, रात्री ८:४०

चूक तुमची नाही. स्प्रेडशीट साधारणपणे १५ अंकच सांभाळते, पुढच्या जागा शून्याने भरते. संगणकाची नेहमीची अपूर्णांकाची साठवणसुद्धा २ च्या ५३ व्या घातापर्यंतच प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी धरते. तो घात ९००७१९९२५४७४०९९२, सोळा अंकी. आपली संख्या त्याच्या पुढे गेली. तिथे फक्त सम संख्या बसतात, म्हणून तिथे हिचा शेवटचा १ जाऊन ० येतो. पूर्ण संख्या हव्या तितक्या लांब ठेवणारी भाषा वापरा, किंवा ताईंचं कॅलेंडर.


राजवाड्याजवळ
रविवार, रात्री ९:३०

दहा एकांचं काय? तो प्रश्न राहिलाच.


हातचा_एक
रविवार, रात्री १०:१०

त्याचसाठी थांबलो होतो. दहा एकांचा वर्ग मांडला की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. पहिल्यांदाच हातचा येतो. ० लिहून १ हातचा डावीकडे. तिथे ९ होते, त्याचे १० झाले. पुन्हा ०, पुन्हा हातचा १. त्याच्या डावीकडे ८ होते, त्याचे ९ झाले, आणि हातचा तिथे विसावला. उत्तर:

१२३४५६७९००९८७६५४३२१

चढताना सात, मग एकदम नऊ. आठ कुठे गेला? हातच्याने त्याला नऊ केलं. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, दोन हातचे आले म्हणून १८ वजा, ८२. मोजून पाहा.

आणि आता महावीराचार्यांच्या हाराकडे परत या. १२३४५६७९ मध्येही आठ नाही. कारण तेच. १ ला ८१ ने भागलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... अशी रांग चालते. तिथेही खरं तर १, २, ३ असेच अंक एकामागोमाग येऊन पडत असतात, पुढे १० येतो, त्याचा हातचा ९ ला लागतो, ९ चा ८ ला. आठ नाहीसा होत नाही, तो नऊच्या वेषात बसलेला असतो.

शेवटचं एक. १२३४५६७९ च्या पुढे नऊ शून्य द्या आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

आठ नसलेल्या संख्येतून आठ दोनदा असलेली संख्या, एका वजाबाकीत. डावीकडच्या नऊतून १ उसना जातो आणि आठ परत दिसतो. ताई, ही वजाबाकी तिला फळ्यावर करायला लावा. बोलू नका, फक्त बघा तिच्याकडे.


दौलतगंजची_ताई
सोमवार, रात्री ९:२०

आज झालं. वजाबाकी तिने उजवीकडून सुरू केली, १, २, ३ असे अंक पडायला लागल्यावर हळू झाली, आणि ९ पर्यंत पोचल्यावर खडू खाली ठेवून तिने बाकीचे अंक तोंडानेच सांगितले. बाकीची मुलं आपापल्या वह्या सोडून फळ्यापाशी आली होती.

सतरा भागाकार तिने काल दुपारी आणि आज शाळेतून आल्यावर मिळून केले. १९ ला बाकी ८. ३७ ला १. ७३ ला ५७. सगळ्या बाक्या कॅलेंडरच्या कडेने उभ्या लिहिल्या आहेत. एक भागाकार मध्ये चुकला होता, तो तिचा तिनेच पकडला, कारण बाकी भाजकापेक्षा मोठी आली होती. शेवटचा ५७७, बाकी १६१. एकही शून्य नाही. ३३३६६७ मूळ.

मग स्थानांची नावं घेत सगळ्या मुलांनी ती संख्या म्हटली. नऊ अर्बुदावर सगळ्यांचा आवाज आपोआप चढला, मी सांगितलं नव्हतं.

आता तिला अकरा एकांची संख्या फोडायची आहे. काका, झेपेल का?


हातचा_एक
सोमवार, रात्री ९:५५

शाब्बास सांगा तिला माझ्याकडून. अकरा एकांची हाताने नको, फार लांबचा रस्ता आहे, मूल थकेल. सात एकांची घ्या, ११११११. तीही फुटते. तिथे १८ च्या जागी १४: चौदाच्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या. १८ का नाही आणि १४ का, हे आधी तिला विचारा. आठव्या भागाकारात काम होईल.


अंकमित्र_इंदूर
सोमवार, रात्री १०:०२

काका, घाईत एक १ गळला, तुम्ही सहाच लिहिलेत. सात एक म्हणजे १११११११.


हातचा_एक
सोमवार, रात्री १०:०६

बरोबर, १११११११. आणि मंडळी, अवयव इथे लिहू नका कोणी. ती धागा वाचते म्हणे.